दोराला लागलेले हात

एकत्र काम करणाऱ्या माणसांनी रोजची जागा सोडून उघड्यावर घालवलेला शिकण्याचा एक दिवस, याला कारखान्या-कचेऱ्यांच्या बोलीत ‘टीम बिल्डिंग’ म्हणतात. नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींना हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. सकाळी बस गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा इगतपुरीच्या वाटेवरच्या एखाद्या रिसॉर्टकडे निघते. एका रंगाचे टी-शर्ट वाटले जातात. मग रस्सीखेच, डोळे बांधून सोबत्याच्या आवाजावर चालणे, मागे न पाहता सहकाऱ्यांच्या हातांवर अंग टाकून देणे असे खेळ होतात. दुपारचे जेवण उरकले की संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि ‘आज मी काय शिकलो’ हे एकेक जण सांगतो. उत्तरे बहुधा ठरलेली असतात: विश्वास ठेवायला शिकलो, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शिकलो, एकट्याने काही होत नाही हे कळले. ही उत्तरे खोटी नसतात. त्या घटकेला बोलणाऱ्याला ती मनापासून पटलेली असतात, आणि तरी सोमवारी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की ती कुठे जातात हे सांगणाऱ्यालाही कळत नाही.

यात एक जुना प्रश्न दडलेला आहे. दोर सगळ्यांनी मिळून ओढला, मग शिकले कोण? समूहाने केलेल्या कामातून एकट्या माणसाला धडा मिळतो म्हणजे नेमके काय होते? त्या वेळी ‘मी’ विरघळतो, की उलट जास्त ठळक होतो? प्रश्न व्यवस्थापनाच्या वर्गातला वाटला तरी धर्मविचाराने तो फार आधीपासून हाताळला आहे. यज्ञ, संघ, दिंडी, रथ ही सगळी माणसांनी मिळून करायच्या कामांचीच रूपे, आणि त्या प्रत्येकात एकट्याचे काय होते याचा विचार झालेला आहे. नाशिकमधली पंचवटी आणि तिच्या आसपासचा टापू या प्रश्नासाठी विशेष सोयीचा आहे, कारण इथे त्याची निरनिराळी उत्तरे कथेत, शिलालेखात आणि रस्त्यावर सापडतात.

आधुनिक प्रकाराची वंशावळ थोडक्यात सांगता येते. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1941 मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. तिला एका जहाज कंपनीच्या मालकाची साथ होती, आणि शिकायला आलेल्यांत युद्धकाळातले तरुण खलाशी होते. बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेल्या जहाजासाठी जो शब्द वापरतात तोच शाळेचे नाव झाला. हानला कौशल्यापेक्षा तग धरण्याची, अडचणीत एकमेकांना सोडून न जाण्याची वृत्ती घडवायची होती. तिथे शिक्षणाची मुदत आठवड्यांची होती आणि समोर खरा समुद्र होता. पुढे कंपन्यांनी त्यातला एक दिवस कापून घेतला. समुद्र गेला, दोर राहिला.

त्या दोराचे मोजमाप मात्र हानच्याही आधी झाले होते. माक्स रिंगेलमान हा फ्रेंच शेतकी अभियंता माणसे, जनावरे आणि यंत्रे यांची ओढण्याची ताकद मोजत असे. त्याने 1880 च्या दशकात घेतलेल्या नोंदी 1913 मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोर ओढणारे वाढले की एकूण ओढ वाढते, पण माणशी ओढ घटत जाते. आठ माणसे एका दोराला लागली की प्रत्येकाच्या वाट्याची ओढ, तो एकटा असताना असते त्याच्या जवळपास निम्म्यावर येते. याची दोन कारणे संभवतात. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे पहिले. दुसरे थोडे अडचणीचे आहे: ओढणारे खूप आहेत म्हटल्यावर माणूस नकळत हात सैल सोडतो. 1974 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभे केले. मागचे लोक फक्त ओढण्याचे सोंग करत होते. ताल चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ओढणारा एकटा होता. तरीही मागे माणसे आहेत असे वाटताच त्याची ओढ कमी झाली. 1979 पासून इंग्रजी मानसशास्त्रात याला ‘सोशल लोफिंग’ म्हणतात. मराठीला त्यासाठी शब्द घडवावा लागत नाही. ‘अंगचोर’ हा शब्द शेतावर आणि चुलीपाशी कधीचा वापरात आहे.

म्हणजे उघड्यावरच्या सांघिक दिवसाचा पहिला धडा, जो गोलात बसून कोणी सहसा सांगत नाही, तो असा असू शकतो: गर्दीत मी कमी ओढतो. इथून पुढचा प्रश्न धर्मविचाराचा आहे, कारण अंग चोरणे ही स्नायूंची बाब नाही, ती हेतूची आहे.

पंचवटीतले सर्वांत जुने सांघिक काम कथेतले आहे. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात राम, सीता आणि लक्ष्मण अगस्त्यांच्या सांगण्यावरून इथे येतात आणि कुटी बांधायची ठरते. राम लक्ष्मणाला जागा निवडायला सांगतो. लक्ष्मणाचे म्हणणे असे की, आपण शेकडो वर्षे आज्ञेतच राहणार, तेव्हा जागा रामानेच दाखवावी आणि ‘बांध’ एवढे सांगावे. राम नदीकाठची सपाट जागा दाखवतो. मग लक्ष्मण जमीन सारखी करतो, मातीच्या भिंती घालतो, बांबूची आढी चढवतो, शमीच्या फांद्या पसरून त्या घट्ट बांधतो, वर कुश, काश आणि पानांचे छप्पर करतो. गोदावरीत स्नान करून कमळे आणि फळे आणतो, पुष्पबली अर्पण करून शांतिकर्म करतो, आणि मग कुटी दाखवतो. रामाकडे द्यायला काही नाही. तो लक्ष्मणाला मिठी मारतो आणि हेच आपले देणे आहे असे सांगतो.

पंचवटीत येणारा भाविक या प्रसंगाकडे बंधुप्रेमाचा नमुना म्हणून पाहतो, आणि तसा तो आहेच. पण बारकाईने पाहिले तर कामाची वाटणी विलक्षण आहे: एकाने जागा दाखवली, दुसऱ्याने सगळे बांधले. आजच्या कोणत्याही कार्यशाळेत हा गट नापास झाला असता. कथेला मात्र ही विषमता खटकत नाही, कारण तिच्या दृष्टीने दोघांमधला व्यवहार मापाचा नाही. लक्ष्मण अंग चोरत नाही, कारण त्याच्या लेखी ‘माझा वाटा’ असा काही हिशोबच नाही. रामही श्रेय स्वतःकडे ठेवत नाही. काम पूर्ण झाल्यावर केलेल्या माणसाला ते मोठ्याने, समोरासमोर सांगणे एवढे तो करतो. प्रमाणपत्र आणि भेटवस्तूंच्या काळातही ही साधी गोष्ट दुर्मीळ आहे. तरीही या आदर्शात एक धोका आहेच. ज्याला ‘मी आज्ञेत आहे’ असे स्वतःहून म्हणता येते त्याचे समर्पण आणि ज्याच्यावर आज्ञा लादली आहे त्याची मुकाट्याने केलेली मेहनत बाहेरून सारखीच दिसतात. पंचवटीच्याच रस्त्यावर पुढे हा फरक उघड व्हायचा होता.

भगवद्गीतेने हेतूचा प्रश्न तत्त्वाच्या पातळीवर आणला. तिसऱ्या अध्यायात ‘लोकसंग्रह’ हा शब्द दोनदा येतो, विसाव्या आणि पंचविसाव्या श्लोकांत. अज्ञानी माणूस फळाच्या ओढीने ज्या हिरिरीने काम करतो त्याच हिरिरीने जाणत्याने आसक्ती सोडून, लोकांना धरून ठेवण्यासाठी काम करावे, असा तिथला आशय आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी याच कल्पनेवर भर दिला. दोराला लावून पाहिले तर ती चटकन समजते. अंगचोर कमी ओढतो, कारण आपण ओढले नाही हे कोणाला कळणार नाही. मिरवणारा जास्त ओढतो, कारण कोणीतरी पाहते आहे. दोघांचीही नजर दोरावर नाही, आपल्या वाट्याला काय येईल त्यावर आहे. गीतेतला कर्मयोगी या दोघांहून वेगळा ठरतो. मागे कोणी आहे की नाही याने त्याच्या हाताची ओढ बदलत नाही. 1974 च्या त्या पट्टी बांधलेल्या माणसाच्या जागी तो उभा राहिला असता तर आकडा घसरला नसता. निदान गीतेचा दावा तसा आहे.

हा दावा उंच आहे आणि म्हणूनच एका दिवसात साधण्यासारखा नाही. गीता त्यासाठी अभ्यास मागते, तोही आयुष्यभराचा. शिवाय तिच्याविरुद्ध एक जुना आक्षेप आहे: याच अध्यायात पुढे, पस्तिसाव्या श्लोकात, स्वधर्म सोडू नये असेही सांगितले आहे. कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरलेले असेल तर फळाची आशा सोडण्याचा उपदेश सगळ्यात जास्त कोणाला ऐकावा लागतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेकडे याच नजरेने पाहिले. जुन्या धर्ममतांचे आणि चातुर्वर्ण्याचे ती तात्त्विक समर्थन करते असे त्यांचे मत होते. टिळक आणि आंबेडकर या दोन वाचनांत तडजोड सुचवणारे पुष्कळ आहेत. त्यातले बहुतेक आक्षेपाची धार बोथट करून मोकळे होतात.

बौद्ध उत्तर वेगळ्या बाजूने येते, आणि त्याचा पुरावा नाशिकच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात आहे. पांडवलेणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एकात त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन इथल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, उरलेले एक हजार शेकडा पाऊण दराने. मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळायचे होते. वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस गुणिले बारा तेवढेच. हिशोब चोख आहे. पावसाळ्यात भिक्खूंनी भटकंती थांबवून एका जागी राहायचे ही संघाची शिस्त. त्यासाठी लागणारे कापड जवळच्याच विणकरांच्या व्याजातून यावे, ही व्यवस्था दगडात कोरून ठेवावी इतकी महत्त्वाची वाटली.

एरवी फिरते असलेले भिक्खू तीन महिने एका छपराखाली राहतात तेव्हा काय होते, हे कोणत्याही वसतिगृहात राहिलेल्याला सांगायला नको. विनयपिटक या संघाच्या नियमग्रंथाने त्यासाठी ‘प्रवारणा’ हा विधी घालून दिला आहे. वर्षावास संपताना संघ जमतो आणि प्रत्येक भिक्खू इतरांना विनंती करतो की, आपल्या वागण्यात कोणाला काही दोष दिसला, ऐकू आला किंवा त्याची शंका आली असेल तर करुणेने सांगावे, म्हणजे तो सुधारता येईल. सुरुवात ज्येष्ठापासून होते.

रिसॉर्टच्या हिरवळीवरचा संध्याकाळचा गोल आणि हा विधी यांची तुलना केली की एक फरक ठळक होतो. गोलात माणूस स्वतः सांगतो की तो काय शिकला. प्रवारणेत तो इतरांना विचारतो की त्यांना काय दिसले. पहिल्यात धड्याचा लेखक तोच आणि परीक्षकही तोच. दुसऱ्यात धडा परक्या तोंडून येतो, म्हणून टोचतो, आणि म्हणूनच टिकण्याची शक्यता असते. ज्येष्ठाने आधी विचारण्याचा नियमही तितकाच शहाणपणाचा आहे. कंपनीच्या गोलात साहेब बहुधा शेवटी बोलतात आणि आभार मानतात. त्यांच्यात काय दोष दिसला हे कोणी विचारत नाही, आणि विचारले तरी कोणी सांगणार नाही. कारण प्रवारणेमागे एक अट आहे जी कंपनीत नसते: दोष सांगणाऱ्या भिक्खूचे चिवर त्या ज्येष्ठाच्या हातात नसे, ते गोवर्धनच्या कोष्ट्यांकडून यायचे.

आता पंचवटीतल्या खऱ्या दोराकडे वळता येईल. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकर यांनी काळ्या दगडात बांधून घेतले. चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, तिथून रथोत्सव निघतो. पुढे गरुडरथ, त्यात रामाच्या पादुका. मागे रामरथ, त्यात उत्सवमूर्ती. गरुडरथ ओढण्याचा मान अहिल्याराम व्यायामशाळेकडे, रामरथाचा सरदार रास्ते आखाडा तालीम संघाकडे. त्या त्या वर्षीचा मानकरी पुजारी पांढऱ्या वस्त्रांत रथाकडे तोंड करून, पाठीमागे न पाहता, उलट्या पावलांनी सगळी वाट चालतो. गरुडरथ गोदावरी ओलांडून जुन्या नाशकातल्या पेठांमधून फिरतो. रामरथ नदी ओलांडत नाही, पंचवटीच्या काठावर थांबतो.

जवळून पाहिले तर रथ ओढणे ही ताकदीपेक्षा तालाची गोष्ट आहे. थांबलेले जड चाक हलवायला लागणारा जोर चालत्या चाकाला लागत नाही, म्हणून पहिला हिसका सगळ्यांचा एकदम पडावा लागतो. ‘सियावर रामचंद्र की जय’ हा घोष त्या क्षणी भक्तीइतकाच मोजणीच्या कामाचा असतो. रिंगेलमानला सापडलेली पहिली गळती, म्हणजे ताल चुकण्याची, तो भरून काढतो. दुसरी गळती भरून निघते ती तालमीच्या रोजच्या सरावाने आणि ओळखीने. एकत्र जोर-बैठका काढणाऱ्या पोरांत कोण अंग चोरतो हे सगळ्यांना ठाऊक असते. आणि उलट्या पावलांनी चालणारा पुजारी, नकळत का होईना, डोळे बांधून चालण्याच्या त्या खेळाचे मूळ रूप दाखवतो: त्याला वाट दिसत नाही, त्याच्या मागे चालणाऱ्यांना दिसते. फरक इतकाच की, इथे एका संध्याकाळचे कुतूहल नाही. त्याआधीच्या दिवसांची व्रतस्थ राहणी त्यामागे आहे.

एमिल दुर्खेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्ये लिहिले की, एकत्र जमलेल्या माणसांत एक उधाण येते आणि धर्माची जाणीव त्या उधाणातून जन्मते. देव म्हणून ज्याचा अनुभव येतो तो समाजच असतो, असा त्याचा निष्कर्ष. भाविकाला हे पटणार नाही आणि पटवून घेण्याची गरजही नाही. पण दोराला हात लागताच अंगावर येणारा काटा दोघांनाही मान्य आहे. प्रश्न त्या काट्याचे पुढे काय होते हा आहे. इरावती कर्वे आळंदीहून निघालेल्या दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. 1962 मध्ये त्याचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभरच्या यात्रा-अभ्यासकांनी त्याचा आधार घेतला. त्यांना भजनातली एकतानता भावली. त्याच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे जेवायला बसतात हेही दिसले आणि ते सलत राहिले. मुखी नाम एकच, पंगती दोन. उधाण खरे होते, तरी पंगत मांडायची वेळ आली की ते ओसरत होते.

पंचवटीत ही गोष्ट पंगतीवर थांबली नाही, दोरापर्यंत आली. 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार अस्पृश्य स्त्री-पुरुषांची मिरवणूक मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराकडे निघाली. स्थानिक संघटनेचा भार दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड यांच्यावर होता. पुढे महाराष्ट्र त्यांना दादासाहेब म्हणून ओळखू लागला. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला: पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया चारही दरवाजांसमोर बसल्या. महिनाभर दरवाजे उघडले नाहीत.

मग रथाचा दिवस आला, 9 एप्रिल. तोवर एक तडजोड ठरली होती: सवर्ण आणि सत्याग्रही अशा दोन्ही बाजूंच्या धट्ट्याकट्ट्या माणसांनी मिळून रथ ओढायचा. मंदिरप्रवेशाचा प्रश्न बाजूला ठेवून निदान दोर सामायिक करायचा, असा तो करार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर भांडणाऱ्या दोन गटांना एका दोराला लावण्याची ही कल्पना कोणत्याही प्रशिक्षकाने सुचवली असती. ठरल्या वेळी आंबेडकर आपल्या निवडक माणसांसह मंदिराच्या मुख्य दरवाजापाशी उभे राहिले. त्यांचा हात लागण्याआधीच सवर्ण तरुणांनी रथ ओढून पळवला आणि पोलिसांच्या बंदोबस्तातल्या एका अरुंद, काटेरी गल्लीत नेला. सत्याग्रही मागे धावले. दगडांचा वर्षाव झाला. पोलिसांची फळी फोडून पुढे घुसलेला कद्रेकर नावाचा भंडारी तरुण रक्तबंबाळ होऊन पडला. आंबेडकरांवर सोबत्यांनी छत्र्या धरल्या, तरी त्यांनाही किरकोळ जखमा झाल्याच.

रथ पळवणाऱ्या तरुणांकडे संघभावनेची कमतरता नव्हती, हे इथे लक्षात घ्यावे लागते. ताल होता, विश्वास होता, गुप्तता पाळली गेली होती, ऐन वेळी सगळ्यांचा हिसका एकदम पडला होता. कार्यशाळेतल्या प्रत्येक कसोटीवर त्यांचा गट उत्तीर्ण झाला असता. मिळून काम करण्याचा गुण स्वतःपुरता नीतीचा गुण नाही, हे यातून सरळ दिसते. त्याला नैतिक मोल येते ते कोणासोबत, कशासाठी आणि कोणाला बाहेर ठेवून, या प्रश्नांच्या उत्तरातून. लोकसंग्रहातल्या ‘लोक’ या शब्दात कोण धरायचे हेही त्या गल्लीत ठरले होते, आणि वाईट ठरले होते.

बाहेर ठेवलेल्यांना या दिवसांनी काय शिकवले? याचे उत्तर सत्याग्रहाच्या नेत्यानेच लिहून ठेवले आहे. सत्याग्रह अधूनमधून थांबत पाच वर्षे चालला. 3 मार्च 1934 रोजी भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात आंबेडकरांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील, या समजुतीने ही चळवळ त्यांनी सुरू केली नव्हती. आपल्या लोकांत चेतना यावी आणि आपल्या स्थितीची त्यांना जाणीव व्हावी, यासाठी तो मार्ग उत्तम वाटला होता. ते काम झाले आहे, तेव्हा आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असा त्यांचा सल्ला होता.

या पत्रात समूहाच्या कृतीतून व्यक्तीला मिळणाऱ्या धड्याची एक नेमकी व्याख्या आहे. धडा म्हणजे दोर हाती आला की नाही हे नव्हे. चार दरवाजांसमोर महिनोन्महिने बसलेल्या माणसाला आपण कुठे उभे केले गेलो आहोत हे दिसले, आणि तिथे उभे राहायची गरज नाही हेही दिसले. यात ‘मी’ विरघळलेला नाही. पंधरा हजारांच्या गर्दीत तो पहिल्यांदा जागा झाला. गीतेचा कर्मयोगी समूहात स्वतःला विसरतो, भिक्खू समूहाकडून स्वतःला तपासून घेतो, सत्याग्रही समूहामुळे स्वतःला ओळखतो. तिन्हींना एकच नाव देऊन ‘संघभावना’ म्हणणे सोयीचे आहे, बरोबर नाही. ज्याच्याकडे आधीच मान आहे त्याला स्वतःला विसरण्याचा धडा हितकारक ठरतो. ज्याचा मान हिरावला आहे त्याला तोच धडा देणे म्हणजे अन्यायाला तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालणे.

म्हणून कारखान्याच्या सांघिक दिवसाबद्दलही सरसकट निकाल देता येत नाही. कायम कामगार, कंत्राटी कामगार आणि अधिकारी एका दोराला लागतात तेव्हा ती घटना क्षुद्र नाही. जेवणाच्या सुट्टीत वेगळ्या टेबलांवर बसणारे हात तिथे एका सुंभावर येतात. पण कंत्राटी कामगार त्या बसमध्ये होता का, हा प्रश्न खेळांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा आहे. गोलात बसल्यावर ‘मी काय शिकलो’ याच्या जोडीने ‘माझ्यात काय दिसले’ असे विचारायची सोय होती का, आणि सुरुवात साहेबांपासून झाली का, हे त्याखालोखाल.

सत्याग्रह थांबल्यावर 13 ऑक्टोबर 1935 रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा आंबेडकरांनी केली. मे 1947 मध्ये साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. काळारामाचे चारही दरवाजे आज सर्वांना उघडे आहेत. रथ दरवर्षी चैत्र शुद्ध एकादशीला संध्याकाळी निघतो, आणि गरुडरथ नदीपलीकडून परत येईपर्यंत रामरथ अलीकडच्या काठावर थांबून राहतो.